जुनं नाव

मडगावात, बाजारामागच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही पाच जण आणि सहाशे बारा होड्या.
खाली पंख्यांचं दुकान.

होड्या म्हणजे नोंदी :
क्रमांक, लांबी, इंजिन, मालक,
आणि एक रकाना, जुनं नाव.
होडी विकली की नाव बदलतं इथं.
'सां पेद्रू'ची 'सातेरी कृपा' होते,
'सातेरी कृपा'ची पुढं 'जेनिफर',
आणि डिझेलची सवलत मात्र
जुन्या नावाचा माग काढतच येते.

माझं काम आराखड्याचं.
पडद्यावर चौकटी, चौकटींतून निघालेल्या रेघा,
रेघेच्या टोकाला तीन बोटांचा कावळ्याचा पाय.
त्या दिवशी वाटलं, हा रकाना इथं शोभत नाही.
उचलला, बाहेर टाकला.
(दुसरीकडे ठेवणारच होतो, नीट.)
साधनानं विचारलं : जुळवून घेऊ?
भाजी-पाव आला होता.
म्हटलं, घे.

चित्राला तार होती.
मीच जोडलेली, जूनमध्ये, घाईत, तात्पुरती,
आणि तिचं दुसरं टोक खऱ्या कोठारात.

काही मोडल्याचा आवाज झाला नाही.
खाली कुणी रेग्युलेटर तपासत होतं,
एक, दोन, तीन, चार, पाच.
अकरा चाळीसला बेतूलहून फोन :
"आमच्या होडीला आधी नावच नव्हतं म्हणताय?"

कोठार सुकोरिना रिबेलोकडे.
ती ओरडली नाही. चष्मा केसांत खोचला,
रात्रीची प्रत काढली.
दोनशे एकतीस जुन्या नावांतली
दोनशे चोवीस जेवणाआधी परत आली.
उरली सात. त्याच सकाळी खिडकीवर नोंदलेली,
फक्त खऱ्यात असलेली,
म्हणून आता कुठंच नसलेली.
"फोन नको करू," म्हणाली. "तू जा."

असोळण्यापर्यंत बस, पुढं पायलटच्या मागं बसून धक्क्यावर.
सहा जणांनी हसत सांगितली,
एकानं वर दोन शिव्या.
सातवी पिएदाद कुलासो,
दारात शिनाणे फोडत बसलेली.
"सकाळी सांगितलं ना?
एकदाच सांगायचं म्हणून आले होते मी."
सुरी थांबली. नदीत भरती चढत होती.
"लिही. पिएदाद."
तुमचं नाही बाई, होडीचं.
"तेंच तें," ती म्हणाली,
आणि पुढचा शिनाणा उचलला.

परतताना खाजणातल्या मानशीपाशी थांबलो.
खारं पाणी बाहेरून दाराला रेटत होतं
आणि त्या रेट्यानंच दार घट्ट होत होतं.
आत भाताला पत्ताही नव्हता.
कितीतरी वर्षं या रस्त्यानं गेलो असेन,
दार कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तार काढली.
माझ्या पडद्यावर आता खोट्या होड्या :
'होडी एक', 'होडी दोन', मालक 'अबक',
लांबी मनाला येईल ती.
बुडवतो, जोडतो, पुसतो, कुणाचं काही जात नाही.
ठरेल ते कागदावर उतरवतो.
सुकोरिना पेन्सिलीनं वाचते, दोनदा परत पाठवते,
मग रात्री, आधी प्रत घेऊन,
स्वतःच्या हातानं खऱ्यात घालते.
तिचा पासवर्ड मला ठाऊक नाही.
एकदा सांगू लागली तर मी कान झाकले.

साधन अजून विचारतं, जुळवून घेऊ?
विचारू दे.

परवा त्या रकान्याला खरोखरच वेगळी चौकट मिळाली.
नोंद चारशे अठरा मला इथून दिसत नाही.
तिच्या टेबलापाशी जाऊन विचारलं,
आहे ना ती?
मान वर न करता म्हणाली,
आसा.